देवदूत नसलेलं दर्शन: बेलिनीच्या संत फ्रान्सिसचं प्रकरण

असिसीच्या संत फ्रान्सिसला झालेलं दर्शन रंगवायचं, तर इटलीतल्या चित्रकारासमोर मांडणी तयारच असे. कथा सगळ्यांना पाठ होती. १२२४ सालच्या सप्टेंबरात तस्कनीतल्या ला व्हेर्ना नावाच्या डोंगरावर फ्रान्सिस चाळीस दिवसांचा उपास करत होता. तिथे त्याला सहा पंखांचा, क्रुसावर खिळलेला सेराफ देवदूत दिसला आणि ख्रिस्ताच्या पाच जखमा त्याच्या हातांवर, पायांवर आणि कुशीत उमटल्या. चित्रात मग एका बाजूला गुडघे टेकलेला फ्रान्सिस, वरच्या कोपऱ्यात तो देवदूत, देवदूताच्या जखमांपासून फ्रान्सिसच्या जखमांपर्यंत ओढलेल्या सरळ सोनेरी रेषा आणि बऱ्याचदा जवळच बसलेला सोबती, ब्रदर लिओ. चित्रकार जोत्तोचं पिसाहून आलेलं मोठं फलकचित्र आज पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये आहे. त्यातल्या रेषा पट्टी लावून आखल्यासारख्या एका जखमेतून निघून दुसऱ्या जखमेत शिरतात. कोणाला काय दिसलं आणि त्याचं पुढे काय झालं, याबद्दल बघणाऱ्याला शंकाच उरू नये अशी सोय.

जोवान्नी बेलिनीने १४७५ ते १४८० च्या दरम्यान व्हेनिसमध्ये हाच फ्रान्सिस रंगवला. ते चित्र आता न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शनमध्ये आहे. त्यात देवदूत नाही, सोनेरी रेषा नाहीत, लिओही नाही. फ्रान्सिसने गुडघे टेकलेले नाहीत. तळहातांवर बारीक जखमा मात्र आहेत. मग दर्शनाच्या या चित्रातून दर्शन गेलं कुठे, हा या प्रकरणातला प्रश्न.

बेलिनीला रूढ मांडणी माहीत नव्हती, असं म्हणायला जागा नाही. पेसारो शहरासाठी त्याने केलेल्या मोठ्या वेदीचित्राच्या तळपट्टीत हाच प्रसंग आहे आणि तिथे देवदूत नेहमीच्या जागी आहे. चर्चसाठी त्याने ठरलेलं ते दिलं होतं. इथे त्याने ते जाणूनबुजून गाळलं, असं धरूनच पुढे जावं लागतं. फक्त एक पळवाट उरते, तिच्याकडे नंतर येतो.

चित्रात काय आहे

फलक सुमारे १२५ सेंटिमीटर उंच आणि १४२ सेंटिमीटर रुंद. रंग तेलाचे. एका घरात लावायच्या भक्तिचित्राच्या मानाने हे माप बरंच मोठं आहे, आणि एवढ्या जागेत संताच्या वाट्याला आलाय तो उजवीकडचा एक छोटा तुकडा. बाकी सगळा डोंगर, दगड, झाडं, नदी, गाव. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे निसर्गचित्र वाटलं तर त्याला दोष देता येणार नाही.

उजवीकडे खडकाचा उभा कडा आहे. त्याला टेकून लाकडी काठ्यांचा मांडव, त्यावर चढवलेला द्राक्षवेल. मांडवाखाली फळ्यांचं साधं मेज, मेजावर एक पुस्तक आणि एक कवटी. खाली काढून ठेवलेल्या खडावांसारख्या लाकडी पादुका. फ्रान्सिस आताच वाचत बसला होता, काहीतरी झालं म्हणून उठला आणि अनवाणीच चार पावलं पुढे आला, असं त्या मोकळ्या बैठकीवरून वाटतं. आता तो उभा आहे, हात खाली पण दोन्ही बाजूंना उघडे, तळवे समोर, छाती किंचित पुढे, नजर डावीकडे वर. तोंड थोडं उघडं. बोलतोय, गातोय की श्वास घेतोय, हे ठरवता येत नाही.

त्याच्या हाताजवळच्या दगडी बांधाच्या फटीतून एक ससा डोकं काढून बघतोय. मधल्या माळावर एक गाढव उभं आहे, त्याच्या पुढ्यात करड्या रंगाचा बगळा. त्यामागे मेंढरं घेऊन एक मेंढपाळ, त्यामागे नदी आणि टेकडीवरचं तटबंदीचं गाव. डावीकडे एका दगडातून पाण्याची बारीक धार पडते. आणि डाव्या बाजूलाच ते झाड: लॉरेलचं, पानापानावर उजेड घेतलेलं, संताच्या दिशेने किंचित झुकलेलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात, काटकीला अडकवलेल्या घडी पडलेल्या कागदाच्या चिठ्ठीवर चित्रकाराने लॅटिनमध्ये आपलं नाव लिहिलंय.

या चित्रासमोर बराच वेळ थांबलं की लक्षात येतं ते उजेडाचं. तो डावीकडून, वरून येतो. फ्रान्सिसच्या चेहऱ्यावर, छातीवर आणि उघड्या तळव्यांवर पडतो, आणि त्याची सावली मागच्या खडकावर उमटते. खडकाचा रंग निळसर-हिरवट, थंड. दूरचं गाव मात्र उबदार उन्हात. उजेड येतो ती जागा चौकटीच्या कडेला आहे, तिच्यात काय आहे ते दिसत नाही.

कागद काय सांगतो

या चित्राबद्दलची सर्वांत जुनी नोंद १५२५ सालची आहे. मार्कान्तोनिओ मिकिएल हा व्हेनिसचा उमराव, घरोघरी फिरून कोणाकडे कोणतं चित्र आहे याची टिपणं काढायचा. ताद्देओ कोन्तारिनीच्या घरी त्याने हे चित्र पाहिलं आणि लिहून ठेवलं: वाळवंटातल्या संत फ्रान्सिसचा तैलरंगातला फलक, झुआन बेलिनोचं (म्हणजे आपल्या जोवान्नी बेलिनीचं) काम, झुआन मिकिएलसाठी सुरू केलेलं, जवळचा प्रदेश आश्चर्य वाटावं इतका बारकाईने पूर्ण केलेला.

या दोन ओळींत बरंच आहे. चित्र चर्चसाठी नव्हतं, एका माणसाच्या मागणीवरून झालं होतं. ते पन्नासेक वर्षांत दुसऱ्या उमरावाच्या घरी गेलं होतं. आणि मुख्य म्हणजे जाणकार बघणाऱ्याने त्याला 'जखमा उमटण्याचा प्रसंग' म्हटलेलं नाही. त्याने संत आणि जागा एवढंच सांगितलं, आणि तारीफ केली ती निसर्गाची.

यावरून काही जण म्हणतात की प्रसंग तो नाहीच. हा नुसता एकांतात राहणारा संत. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. मिकिएलची टिपणं मालमत्तेच्या यादीइतकी त्रोटक आहेत. शिवाय 'वाळवंट' म्हणजे ओसाड जागा, संन्याशाचं ठिकाण. ला व्हेर्नाच्या डोंगरालाही ते लागू पडतं. व्हेनिसच्या खाडीत सान फ्रान्चेस्को देल देसेर्तो नावाचं एक बेटही आहे. इजिप्तमध्ये सुलतान अल-कामिलला भेटून परतताना, १२२० मध्ये, फ्रान्सिस तिथे उतरला होता अशी परंपरा आहे. व्हेनिसच्या माणसाच्या कानाला 'फ्रान्सिस' आणि 'देसेर्तो' ही जोडी सवयीची होती. मिकिएलच्या टिपणावरून चित्राचा विषय ठरत नाही. चित्र बघताना लोकांचे डोळे कुठे जात होते, हे त्यातून पक्कं कळतं.

कोन्तारिनीच्या त्याच घरात जोर्जोनेचं 'तीन तत्त्वज्ञ' हे चित्रही होतं. तेही असंच: काळोख्या गुहेसमोर तीन माणसं, आणि कशासाठी आली आहेत याचा पत्ता नाही. घरमालकाला अर्धवट सांगणारी चित्रं आवडत असावीत. ही दोन्ही चित्रं फ्रिकने २०२३ च्या नोव्हेंबरात काही शतकांनंतर पुन्हा एका खोलीत आणली.

पळवाट: कापलेली कड

चित्राची वरची कड मागे केव्हातरी कापली गेली आहे. मग साहजिक शंका येते: देवदूत त्या कापलेल्या पट्टीत तर नव्हता?

२०१० मध्ये हा फलक मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या प्रयोगशाळेत नेऊन तपासला गेला आणि २०११ च्या उन्हाळ्यात फ्रिकने त्या तपासणीवर एक छोटं प्रदर्शन भरवलं. अशा तपासणीत अवरक्त किरणांनी रंगाखालचं रेखाटन बघतात आणि क्ष-किरणांनी लाकूड, खिळे, भेगा. पण जे लाकूडच उरलं नाही, त्यावर काय होतं हे कोणतंच यंत्र सांगू शकत नाही. म्हणून इथे उरलेल्या भागावरून तर्क करावा लागतो.

देवदूत वर असता तर त्याच्यापासून निघालेल्या रेषा संताच्या हातापर्यंत यायला हव्यात, आणि त्या उरलेल्या आकाशातून आणि झाडावरून जायला हव्यात. तशा रेषा दिसत नाहीत. यावर कोणी म्हणेल की सोन्याच्या बारीक रेषा घासून जातात. खरं आहे, जातात. त्यामुळे हा मुद्दा एकटा पुरत नाही. मला जास्त वजनाची वाटते ती सावली. रेषा वरून काढता येतात, पुसताही येतात. पण संताची सावली, खडकाच्या प्रत्येक कंगोऱ्यावरचा उजेड, पानांच्या कडा हे सगळं चित्राच्या हाडामांसात आहे. ज्या चित्रकाराने सगळ्या डोंगराला उजेडाची दिशा दिली, त्याला ती दिशा वेगळी आखून दाखवायची गरज उरत नाही. एखादा बोटभर देवदूत वर होता असं वादापुरतं मानलं, तरी या चित्राचा भार त्याच्यावर नाही.

खेचरवाल्यांचा साक्षीपुरावा

१९६४ साली मिलार्ड मीस या अमेरिकन अभ्यासकाने मांडलं की चित्रातला प्रसंग जखमा उमटण्याचाच आहे आणि देवदूताचं काम उजेड करतो. या मताला बळकटी देणारी एक गोष्ट फ्रान्सिसच्या चौदाव्या शतकातल्या लोककथांमध्ये येते, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत प्रिय असलेला पुरावा तोच आहे.

त्या पहाटे ला व्हेर्नाचा डोंगर पेटल्यासारखा उजळला, असं ती कथा सांगते. आसपासच्या दऱ्या आणि डोंगर सूर्य उगवल्यासारखे दिसू लागले. रात्री मेंढरं राखणारे मेंढपाळ घाबरले. त्यांनी नंतर मठातल्या ब्रदरांना हे सांगितलं. उजेड खालच्या सरायांच्या खिडक्यांतून आत शिरला, तेव्हा रोमान्याकडे निघालेले खेचरवाले दिवस उगवला समजून उठले, जनावरांवर ओझी लादली आणि वाटेला लागले. थोडं चालून गेल्यावर तो उजेड विझला आणि मग खरा सूर्य वर आला.

या माणसांना देवदूत दिसला नाही. त्यांना उजेड दिसला, आणि तोही इतका रोजच्या सकाळीसारखा, की फसून ते कामाला निघाले. बेलिनीच्या चित्रातही मेंढपाळ आहे, जनावर आहे, गाव आहे, आणि वेळ अशी की पहाट म्हणावी की आणखी काही, ते कळू नये. चित्र बघणाऱ्याला चित्रकाराने त्या खेचरवाल्यांच्या जागी नेऊन ठेवलंय. दर्शन संताला झालं. आपल्याला फक्त त्याचा डोंगरावर पडलेला उजेड मिळतो.

लिओला का वगळलं तेही यातून उलगडतं. रूढ चित्रात लिओ साक्षीदार म्हणून बसवलेला असतो. इथे साक्षीदाराचं काम बघणाऱ्यालाच करायचं आहे.

दुसरी दोन वाचनं

एक मत असं की फ्रान्सिस इथे आपलं सूर्यस्तोत्र म्हणतोय: सूर्य माझा भाऊ, चंद्र माझी बहीण, वारा, पाणी, अग्नी, धरणी या सगळ्यांसाठी देवाची स्तुती. तोंड उघडं आहे, जखमा आधीच उमटलेल्या आहेत, भोवती सगळी सृष्टी आहे, जुळतं खरं. पण हे स्तोत्र १२२५ मध्ये असिसीजवळच्या सान दामिआनो इथे रचलं गेलं, आणि तेव्हा फ्रान्सिसचे डोळे इतके दुखत होते की त्याला उजेड सोसत नव्हता. तो एका अंधाऱ्या झोपडीत पडून होता. असा माणूस उघड्या डोळ्यांनी उजेडाकडे बघत उभा करायचा, तर चित्रकाराने कथाच बदलली असं म्हणावं लागेल. स्तोत्रातला भाव चित्रात आहे हे मान्य. प्रसंग तो नाही.

दुसरं मत जॉन फ्लेमिंगने १९८२ मध्ये मांडलं. त्याच्या वाचनात फ्रान्सिस म्हणजे बायबलमधल्या मोशे या संदेष्ट्याचा नवा अवतार. मोशेने जळत्या झुडुपासमोर पायातली पायताणं काढली, तशाच इथल्या पादुका. ते उजळलेलं झाड म्हणजे ते झुडूप. खडकातून येणारं पाणी म्हणजे मोशेने काठीने काढलेलं पाणी. गाढव आणि बगळा हे एकांतवासाचे बायबलमधले प्राणी. पादुकांचा आणि झाडाचा मुद्दा मला पटतो, कारण चित्रकाराने त्या दोन्ही गोष्टींकडे मुद्दाम लक्ष वेधलंय. पण एकदा कुलूप उघडलं की प्रत्येक दगडाला किल्ली लावत सुटायचं, हा अभ्यासकांचा जुना छंद. गाढवाला गाढव राहू द्यायला त्यांना फार जड जातं. आणि ससा? त्याच्यासाठीही ग्रंथातली ओळ शोधता येते, येतेच. मला वाटतं बेलिनीने अर्थ आणि निरीक्षण यांच्यात कुंपण घातलेलंच नाही. फ्रान्सिसकर पंथाची शिकवणही तशीच होती. १२६३ साली पुऱ्या झालेल्या फ्रान्सिसच्या अधिकृत चरित्रात बोनाव्हेन्चुरा लिहितो ते असं की हा माणूस सृष्टीतल्या वस्तूंच्या पायऱ्या करून त्यांच्या कर्त्यापर्यंत चढत असे. पायरीवर पाय द्यायचा तर आधी ती खरी दगडाची हवी.

आपल्याकडच्या वाचकाला इथे 'सगुणातून निर्गुणाकडे' असं म्हणायचा मोह होईल. मलाही झाला. पण ते लागू पडत नाही. चित्रातून देवदूताचा देह गेला असला, तरी ख्रिस्ताचा देह गेलेला नाही. त्याच्या जखमा फ्रान्सिसच्या तळहातांवर आहेत. इथे रूप दुसऱ्याच्या अंगावर उतरलंय, विरलेलं नाही.

हे बेलिनीलाच का जमलं

एक कारण अगदी कारखान्यातलं आहे. अंड्याच्या बलकात कालवलेला रंग पटकन वाळतो. त्यात उजेडाच्या बारीक छटा बारीक रेघांनी विणाव्या लागतात. तेलरंग सावकाश वाळतो, पातळ पारदर्शक थरांवर थर चढवता येतात आणि उजेड आतून आल्यासारखा वाटतो. नेदरलँड्सच्या चित्रकारांनी हे तंत्र पिकवलं होतं. अंतोनेल्लो दा मेस्सिना १४७५-७६ मध्ये व्हेनिसमध्ये होता आणि त्याच्या कामाचा बेलिनीवर परिणाम झाला, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. जरी बेलिनी त्याआधीही तेलाकडे वळू लागला होता. उजेडालाच पात्र करायचं तर हा माध्यमबदल लागतोच. जोत्तोला सोन्याची रेषा का काढावी लागली, त्याचं अर्धं उत्तर श्रद्धेत आहे आणि अर्धं रंगाच्या वाटीत.

दुसरं कारण गिऱ्हाईक. चर्चमध्ये वेदीपासून वीस पावलांवर उभ्या माणसाला प्रसंग ओळखता यायला हवा. घरातल्या चित्रासमोर तोच माणूस रोज येतो, जवळून बघतो, आज ससा सापडला तर उद्या बगळा. झुआन मिकिएलने असं चित्र मागितलं की बेलिनीने त्याला पटवलं, हे कुठे लिहिलेलं नाही. पण कोड्यासारखं चित्र घरात ठेवायला तयार असलेला मालक नसता, तर हे चित्र झालं नसतं.

१९१५ साली हेन्री क्ले फ्रिकने ते विकत घेतलं आणि आपल्या फिफ्थ अव्हेन्यूवरच्या घरात, लिव्हिंग हॉलमध्ये, टिशियनच्या दोन व्यक्तिचित्रांच्या मधे लावलं. पोलाद आणि कोळशाच्या धंद्यात गब्बर झालेल्या माणसाच्या बैठकीत दारिद्र्याचं व्रत घेतलेला संत; यावर टोमणे मारून झालेत, मी आणखी मारत नाही. २०२१ मध्ये संग्रह तात्पुरता वास्तुकार मार्सेल ब्रॉयरच्या काँक्रीटच्या इमारतीत हलवला गेला, तेव्हा या चित्राला एक अख्खी खोली मिळाली, आणि बाजूला ब्रॉयरची तिरकी खिडकी. शेजारी दुसरं चित्र नाही. संग्रहालयाच्या लोकांनी केलेलं हे या चित्रावरचं उत्तम भाष्य होतं असं मी मानतो.

पुढच्या चित्रकारांनी मात्र ही वाट सरसकट धरली नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ मध्ये चित्रांनी लोकांना शिकवावं यावर भर दिला आणि दर्शनं पुन्हा स्पष्ट, मोठी, सर्वांना दिसतील अशी झाली. काराव्हाज्जोने १५९५ च्या सुमारास केलेल्या फ्रान्सिसच्या चित्रात, जे आज अमेरिकेत हार्टफर्डला आहे, सेराफ गाळला. पण मूर्च्छित संताला सावरायला त्याने एक तरुण देवदूत आणलाच, आणि मागच्या अंधारात मेंढपाळही ठेवले.

दुसरी, जास्त चालती झालेली वाट आपल्याला जवळच बघायला मिळते. फ्रान्सिसकर ब्रदर १५१७ मध्ये गोव्यात आले. जुन्या गोव्यातलं त्यांचं संत फ्रान्सिसचं चर्च आज उभं आहे ते १६६१ सालचं. शेजारच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, त्यामुळे पुष्कळ मराठी कुटुंबं सहलीत तिथून जातात. मुख्य वेदीवर संत फ्रान्सिसची मोठी मूर्ती आणि तेवढाच मोठा क्रुसावरचा येशू, खाली दारिद्र्य, नम्रता आणि आज्ञापालन ही तीन व्रतं लिहिलेली. सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडाच्या त्या वेदीत दर्शन पूर्ण देहाने समोर उभं आहे आणि चर्चच्या दारातूनही दिसतं. नव्याने धर्मात आलेल्या, भाषा वेगळी असलेल्या गर्दीसाठी ते बांधलं होतं. तिथे बेलिनीची रीत चालली नसती, आणि झुआन मिकिएलच्या घरात या वेदीला जागा मिळाली नसती.